बॉम्ब नको, सर्वानुमते!

किस्से जमवायला काही करावं लागत नाही. एका बाकावर रोज तीच चार माणसं बसवायची आणि त्यांना आवाक्याबाहेरचं एखादं काम द्यायचं, बस्स! आमचा बाक मेडशीहून आत जाणाऱ्या रस्त्यावर, फाट्यावरच्या रफिकभाईंच्या शिलाईच्या दुकानापुढं आहे. बाकावर वानखडे मॅडम, म्हणजे आमच्या शाळेतून रिटायर झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. शेजारी गणपत, सोयाबीन-तुरीचा शेतकरी आणि गावातला एक नंबरचा शंकेखोर. आत मशीनवर रफिकभाई. आणि चौथा मी, भीमराव, एसटीचा रिटायर कंडक्टर.

काम म्हणाल तर एवढंच होतं: जगात अण्वस्त्रं कमी करायच्या ज्या चर्चा चालतात, त्यात आपल्या सरकारनं जाऊन बसावं, असा ठराव आमच्या ग्रामसभेनं करायचा आणि दिल्लीला पाठवायचा. एक पानभर कागद. पण त्या एका कागदापायी असे एकेक प्रकार झाले की सांगायला बसलो तर चहा दोनदा गरम करावा लागतो.

आणि माझं आधीच सांगून टाकतो. तीस वर्षं मी माणसाकडं एकाच नजरेनं पाहिलं, तिकीट आहे की नाही! हाफ तिकीट मागणाऱ्याच्या मिशा आधी तपासायचो. त्यामुळं कोणी फुकटात चांगलं काम करतो म्हटलं की मी आधी त्याचं तिकीट तपासतो.

*

पहिला संशय मॅडमवरच आला. पेन्शन घेऊन गप घरी बसायचं सोडून ही बाई बॉम्बच्या मागं का लागली? मी सरळ विचारलं, "मॅडम, खरं सांगा. इलेक्शनले उभ्या राहून राह्यल्या का?"

"भीमरावभाऊ, उभं राहायला गुडघे लागतात. ते मी शाळेतच ठेवून आले!"

मग त्यांनी सांगितलं. अणूचा धडा आला की दरवर्षी वर्गातून एक प्रश्न ठरलेला: "मॅडम, आपला बॉम्ब मोठा का त्यायचा?" मॅडम म्हणायच्या, "आपला!" वर्ग टाळ्या वाजवायचा, मॅडमनाही बरं वाटायचं. शेवटच्या वर्षी मागच्या बाकावरची एक पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, दोनी पडले तं मोठा कोनता ते मोजन कोन?"

मॅडमच्या हातात खडू होता, तो खाली ठेवला. तास संपेपर्यंत त्या फळाच पुसत राहिल्या म्हणे.

"इतकी वर्षं चुकीच्या उत्तराला टाळ्या घेतल्या, भाऊ. एक तरी कागद बरोबर लिहून जायचंय."

खरं सांगतो, मला गलबलून आलं. तरी पुढच्या निवडणुकीत मी उमेदवारांची यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. त्यांचं नाव नव्हतं, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

*

मॅडमनी आमच्या बाकाला नाव दिलं, 'शांतता मंडळ'. रफिकभाईंनी उरलेल्या पांढऱ्या पॉपलिनचा बॅनर शिवला, मी अक्षरं रंगवली. बॅनर लागला सकाळी आणि दुपारी पोलीस ठाण्याचे जमादारसाहेब मोटारसायकल घेऊन हजर!

"हे काय लावून ठेवलं?"

"शांतता मंडळ, साहेब."

"शांतता समिती तं ठाण्याची रायते. सणासुदीले आमीच बोलावतो. हे दुसरी कोनती?"

मॅडम म्हणाल्या, "साहेब, ही जगातल्या शांततेसाठी आहे."

साहेबांनी बॅनर वरून खालून पाहिला. मागची बाजूही पाहिली. मग डायरी काढून म्हणाले, "जगाचं जगाले पाहू द्या. आमच्या हद्दीत शांतता करायची असन तं पयले अर्ज द्या!"

अर्ज दिला. कारणाच्या जागी मॅडमनी लिहिलं, 'भांडण होऊ नये म्हणून.' साहेबांनी विचारलं, "कोनाकोनाचं?" मॅडमनी देशांची नावं सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या नावावरच साहेबांनी डायरी बंद केली.

*

मग ठरावाला पाठिंबा म्हणून सह्यांची मोहीम काढली. आमच्याकडं सही म्हटली की दार लागतं. कारणही तसंच आहे. आजूबाजूच्या कितीतरी जणांची जमीन रस्त्यात गेली, आणि त्याची सुरुवात कोणीतरी गोड बोलणारा माणूस दारात कागद घेऊन उभा राहण्यानंच झाली होती. त्यात मॅडमच्या कागदावर मोठ्या अक्षरात 'अणु'! गावात बातमी पसरली की इथं अणुभट्टी येणार, मोजणी झालीसुद्धा, आणि वानखडे मॅडम संमतीपत्रं गोळा करून राहिल्या.

दोन दिवसांत अकरा घरं झाली, सही एकही नाही. एका घरात पाणी दिलं, दुसऱ्या घरात चहा दिला, पेन मात्र कोणी हातात घेईना. शेवटी मॅडम गणपतच्या ओसरीवर बसून वैतागून म्हणाल्या, "गणपतराव, तुम्ही रोज माझ्याशेजारी बसता. मी कोणाची जमीन मागत नाहीये हो!"

गणपत शांतपणे सुपारी कातरत म्हणाला, "मॅडम, मांगत तं कोनीच नाई. घेऊनच जाते!"

मॅडमनी कागद पिशवीत घातला. आणि खरं म्हणजे सही तोवर मीही केलेली नव्हती.

*

मॅडमनी डोकं लढवलं. 'अणु' शब्द काढून टाकला आणि त्या जागी शुद्ध मराठी शब्द घातला, 'निःशस्त्रीकरण'. झालं! आगीतून फुफाट्यात!

आमच्या शिवारात रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, इतकी, की पेरलेलं निम्मं त्यांचंच. त्यांना पळवायला कोणाकडं परवान्याची जुनी बंदूक, कोणाकडं पाइपात कार्बाइड भरून केलेली आवाजाची तोफ. निःशस्त्रीकरण म्हणजे हे सगळं जमा करायचं, असा अर्थ गावानं एका दिवसात लावला. गणपतनं आपला पाइप तुराट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांच्या, गंजीत घालून ठेवला आणि बाकावर येऊन साळसूदासारखा बसला.

मॅडमनी त्याला अर्धा तास समजावलं. देशांची शस्त्रं वेगळी, त्याचा पाइप वेगळा. तू एक शस्त्र खाली ठेव, मग मीही एक खाली ठेवतो, अशी बोलणी करायची असतात. दोघांनी समोरासमोर बसायचं असतं.

गणपतनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "पटलं. मी बसतो समोरासमोर. पन डुकराले कोन बसवन?"

*

ग्रामसभेच्या आधी ठराव पुढं कसा जातो ते तालुक्याला एका कचेरीत विचारून यावं, असं ठरलं. मॅडम आणि मी गेलो. खिडकीतल्या बाबूनं कागद पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"कोनत्या योजनेत बसते हे?"

"योजना नाही. सरकारला विनंती आहे."

"रकाना तं भरा लागन. लाभार्थी कोन?"

मॅडमनी पेन घेतलं आणि लाभार्थीच्या रकान्यात लिहिलं, 'समस्त मानवजात'.

बाबूनं चष्मा वर केला. वाचलं. त्याला हसू आलं असेल असं मला वाटलं, पण नाही. तो गंभीरपणे म्हणाला, "मानवजात चालन. पन रहिवासी दाखला जोडा!"

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण त्याच बाकावरचा आहे म्हणून सांगतो.

ठरावाच्या मसुद्याखाली सुचवणाऱ्या चौघांची नावं टाकायची होती. मॅडमनी रफिकभाईंचं नाव पहिलं लिहिलं, कारण बॅनरपासून चहापर्यंत सगळं त्यांच्याच दुकानात झालं होतं. रफिकभाईंनी मशीन थांबवली.

"मॅडम, माह्यं नाव सगळ्यात खाली घ्या."

"का हो?"

"वर असलं तं लोक म्हनतीन, यालेच काहून बॉम्ब नको?"

चाळीस वर्षं या माणसानं गावाच्या लग्नांचे कपडे शिवले, माझा खाकी युनिफॉर्म शिवला. मला माझीच लाज वाटली, कारण तसं म्हणणारी दोन-चार माणसं कोण असतील, हे मी तिथल्या तिथं नावानिशी सांगू शकलो असतो. मी पेन घेतलं आणि आधी माझी सही केली.

मॅडम म्हणाल्या, "अकारविल्हे लावू. म्हणजे प्रश्नच नाही." गणपत अजून तळ्यात मळ्यात करत होता, त्याचं नाव सोडलं. उरले भीमराव, मंदा वानखडे आणि रफिक.

रफिकभाईंनी कागद पाहिला आणि पोट धरून हसले. "पाहा! बाराखडीनंबी मले खालीच टाकलं!"

*

आता शेवटचा.

आमच्या ग्रामसभेची एक रीत आहे. इथं हात मोजत नाहीत. ग्रामसेवक वहीत 'सर्वानुमते मंजूर' लिहितो. एकानं जरी उठून "माहा विरोध हाय" म्हटलं, तरी विषय बाद. भांडणं टाळायला जुन्या लोकांनी घालून दिलेली पद्धत. मॅडमचा विषय दोनदा आला आणि दोनदा बाद झाला. दोन्ही वेळा उठला तो गणपतच! तिसऱ्या वेळी सरपंचबाईंनी आधीच बजावलं, "मॅडम, या खेपेले बी विरोध आला तं पुन्हा घेनार नाई."

मॅडम त्या दिवशी इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या होत्या. विषय वाचून झाला आणि गणपत उठलाच.

"माह्यं मॅडमशी भांडन नाई. पन शेजारचा देश बॉम्ब घेऊन बसला हाय. पयले त्यानं खाली ठेवावा. मंग आपन ठेवू. त्याचा काय भरोसा?"

सभेतून "बराबर हाय!" असा आवाज उठला. ग्रामसेवकानं पेनाचं टोपण लावलं. मॅडम कागदाची घडी घालायला लागल्या. इतक्यात बायकांच्या बाजूनं काठी आपटली.

मॅडमच्या सासूबाई! गयाकाकू. वय ऐंशीच्या पुढं. या सासू-सुनेचं एके काळी इतकं वाकडं होतं की एका घरात दोन चुली होत्या. सुनेच्या विषयाला सासू काय म्हणते, म्हणून सगळी सभा मागं वळली.

"गनपत, बस खाली," काकू म्हणाल्या. "भरोशाचं मले इचार. तेरा वर्सं आमच्या घरात दोन चुली होत्या. मले वाटे, हे सून माह्या दुधात काई टाकन. तिले वाटे, मी टाकीन. मी फडताळाले कुलूप लावलं. तिनं बी लावलं. मी दोन लावले, तं तिनं तीन आनले! मंग मी साखळी आनली. घरात दुधापक्षा कुलपं जास्त झाले. आन् किल्ल्या सांभाळता सांभाळता दूध नासून जाये, दोघींचं बी!"

सभा हसली. मॅडम खाली मान घालून उभ्या होत्या, पण त्यांचेही खांदे हलत होते.

"मी म्हनो, पयले तिनं काढावं. ते म्हने, पयले बुढीनं काढावं. तेरा वर्सं बाप्पा! माहा लेक दोघींच्या हातचा बिनदुधाचा चहा पेत गेला."

"मंग?" सरपंचबाईंनी विचारलं.

"मंग काय? एक दिवस एकीनं कुलूप काढलं. दुसरीनं दिवसभर वाट पाह्यली, हे काई डाव तं नाई म्हनून. सांजच्याले तिनं बी काढलं. आता एक चूल हाय. चहा पेवाले या."

गणपत उभाच होता. हातातली टोपी त्यानं डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "लिवा. माहा विरोध नाई." ग्रामसेवकानं टोपण काढलं, सरपंचबाईंनी मान डोलावली, आणि वहीत 'सर्वानुमते मंजूर' उमटलं. मॅडमनी पदर डोळ्यांना लावला.

गणपत खाली बसला. पण शंकेखोर माणूस तो! पुन्हा उठला.

"काकू, एवढं सांगा. कुलूप पयले कोनं काढलं?"

काकूंनी सुनेकडं पाहिलं. मॅडमनी सासूकडं पाहिलं. आणि दोघी एकाच दमात म्हणाल्या,

"मी!"