सिरका, काच आणि काडी

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी हा काही हसण्याचा विषय नाही. पण आमच्या कॅम्पच्या टीमने डबे उघडले की भाजीच्या आधी किस्से बाहेर पडतात! टीम म्हणजे डॉक्टर मॅडम, आशाताई वंदना आणि मी सिस्टर. तपासणीच्या टेबलावर चढताना प्रत्येक बाई भितेच. बिचाऱ्या बोलून बोलून भीती घालवतात.

*

सिरक्याची तपासणी सगळ्यात झटपट. पातळ सिरका लावायचा, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. आसगावला वंदना रांगेपुढे समजावत होती, "एका मिनिटात समजते!"

मागून एक काकू म्हणाल्या, "मंग दोन घंट्यापासून बशवून काहून ठेवलं वं?"

*

पॅप टेस्टचं उलटं. पेशी काचेवर घेऊन लॅबला पाठवायच्या, रिपोर्टला आठवडे लागतात. तोवर रोवणा, म्हणजे भाताची लावणी सुरू! एकीचा रिपोर्ट घेऊन वंदना थेट भाताच्या बांधीवर गेली. बाई गुडघाभर चिखलात.

"तठूनच सांग जोरानं!"

वंदना शेताच्या धुऱ्यावरून ओरडली, "चांगला हाय!"

बाजूच्या सात जणी कंबर सरळ करून म्हणाल्या, "आन् आमचा?"

त्यांच्यातल्या एकीनेही तपासणी करून घेतली नव्हती! पुढच्या कॅम्पला सातही जणी आल्या.

*

जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या एका वहिनींना मॅडमनी सगळं नीट सांगितलं. सिरका स्वस्त, पण बघणाऱ्याची नजर पक्की हवी. काचेला धीर हवा. एचपीव्हीच्या काडीने हा कॅन्सर घडवणारा व्हायरस सापडतो, नमुना आपला आपण घेता येतो, पण ती महाग.

वहिनी विचार करून म्हणाल्या, "मॅडम, तिन्ही करून टाका. ज्याचा रिपोर्ट चांगला येईल, तो ठेवू!"

*

त्याच काड्या आम्ही दिघोरीत वाटल्या. एका घरात दोन जावा, थोरली कमल आणि धाकटी शोभा. कमल धानाच्या कापणीला गेलेली, म्हणून शोभाने काड्यांच्या दोन्ही नळ्या स्वतःच भरून दिल्या. दोन्ही रिपोर्ट पॉझिटिव्ह!

मी घरी गेले तर कमल म्हणते, "मी तं देल्लंच नाही!"

मी शोभावर चिडलेच. ती म्हणाली, "एकाच चुलीवरचं खातो सिस्टर, म्हटलं सारखंच निघन!"

कमलचा नवा नमुना मी दाराशी उभी राहून तिचा तिलाच घ्यायला लावला. शोभाला समजावलं, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही, पण भंडाऱ्याला जाऊन पुढची तपासणी करावीच लागेल. ती रडायलाच लागली.

"सासू जाऊ नाही देणार. म्हणन, कोठून रोग आणला."

मला फार वाईट वाटलं. कॅम्प घेणं सोपं, सासूची समजूत घालणं कठीण.

थोरलीपुढे मात्र त्या घरात सासूचंही चालत नाही. कमलने स्वतःच्या नावाचा तो चुकीचा कागद माझ्या हातातून घेतला आणि सासूपुढे धरला. "माहा रिपोर्ट खराब हाय. उद्या भंडाऱ्याले जा लागते. सोबतीले शोभाले नेतो."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईने दोघींकडे पाहून विचारलं, "पेशंट कोण?"

कमल शोभाला पुढे करून म्हणाली, "घरी मी. अठी हे."