विचारून केलेली प्रार्थना

भाऊसाहेबांनी आईच्या हातातली वाटी हिसकावली आणि पेज वॉर्डातल्या बेसिनमध्ये ओतली.

"बाटग्याच्या हातचं खाऊन राह्यला काय रे, देविदास?"

देविदासकाकांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. वाटी गेली हे त्यांना कळलंच नाही. पुढच्या चमच्यासाठी त्यांचं तोंड उघडंच होतं.

त्या हंगामात कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. कीटकनाशकाचा फवारा वर मारायचा, तो तोंडावरच उतरायचा. फवारणीचे मजूर यवतमाळच्या दवाखान्यात येऊन पडत होते. काका आमचे शेजारी. मारेगावकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. भाऊसाहेब गावातले मोठे शेतकरी; त्यांच्याच वावरात फवारताना काका कोसळले. कमलाकाकू त्यांच्या उशाशी बसून होती. आई रोज पहिल्या एसटीने पेज घेऊन यायची. कॉलेजला सुट्टी होती म्हणून मीही यायचे.

आईची एक रीत आहे, तिच्या वडिलांपासून आलेली. प्रार्थनेआधी विचारायचं. त्या दिवशीही तिने आधी विचारलं होतं.

"भाऊ, प्रार्थना करू काय? नाही म्हनलं तरी पेज भेटनच."

काका हसले होते. "करा न बाई. दिसत नाही, आयकू तं येते."

मग आई बोलली. शेजारच्या खाटेवर कुणी बसलंय आणि त्याला सांगावं तशी. "येशूबापा, याच्या डोळ्यावर हात ठेव. आन् याच्या बायकोले घडीभर झोप दे."

भाऊसाहेबांनी ते दारातून ऐकलं होतं.

"मानूस पडला का हे आलेच. गिधाडं!" मग माझ्याकडे बोट. "आन् हे पाहा. इंग्रजी शाळेत शिकली, तरी मायच्या मागं वाटी घेऊन फिरून राह्यली."

कुणीतरी हसलं. आई पदराने सांडलेली पेज पुसत होती. मी रिकामी वाटी उचलून डब्यात ठेवली.

जाताना ते काकूला म्हणाले, "उद्या ह्या दोघी इथं दिसल्या तं माह्या वावरात पाय ठेवू नोको."

परतीच्या एसटीत मी खिडकीबाहेर बघत राहिले. भाऊसाहेबांचा मुलगा माझ्याच शाळेत होता, माझ्याच वर्गात. रोज सकाळी आम्ही हात जोडून 'अवर फादर', येशूने शिकवलेली प्रार्थना, म्हणायचो. स्नेहसंमेलनात त्याने ते स्टेजवर म्हटलं, तेव्हा भाऊसाहेब पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. तिथे तो बाटला नाही. इंग्रजीत ते संस्कार. माझ्या आईच्या तोंडी ते बाटवणं.

आणि काका तर बौद्ध. त्याच भाऊसाहेबांच्या विहिरीवर त्यांना ओंजळ धरावी लागायची, वरून पाणी ओतलं जायचं. ज्याच्या हाताला आपला पेला लागू द्यायचा नाही, त्याच्या बाटण्याची काळजी!

सकाळी आईने पुन्हा पेज केली. म्हणाली, "तू नोको येऊ. लोकं बोलतात."

मी तिच्या हातातून डबा घेतला.

भाऊसाहेब आधीच येऊन उभे होते. काकू मान खाली घालून बसलेली. मी वाकून विचारलं, "काका, पेज आणली. घेता?"

"दे न, पोरी."

"प्रार्थना करू?"

मालक जवळच आहे, हे त्यांना अत्तराच्या वासावरून कळलं असणार. त्यांनी चाचपडत काकूचा हात शोधला. काकूने तो घट्ट धरला.

"कर," काका म्हणाले.

"कालचं समजलं नाही काय तुले?" भाऊसाहेब गरजले.

माझ्या तोंडून आईची बोली निघाली.

"आमी इचारून करतो, भाऊसाहेब. यायले फवारायले धाडलं, तवा तोंडाले बांधायले फडकं पायजे काय, इचारलं होतं तुमी?"

या वेळी कुणी हसलं नाही. पलीकडच्या खाटेवरचा मजूर कोपरावर उठला. "आमालेबी कोनी नाही इचारलं, पोरी."

भाऊसाहेब निघून गेले. बोलल्याप्रमाणे त्यांनी काकूचं काम बंद केलं. ती आता दुसऱ्या गावात कापसाच्या वेचणीला जाते. काकांचा एक डोळा गेला तो गेलाच. प्रार्थनेने तो परत आला, असं मी कुणाला सांगत नाही. काका आजही बौद्धच आहेत. आईने त्यांना कधी वेगळं काही व्हायला सांगितलं नाही.

पण येशूचं नाव मी आता दबून घेत नाही. फवारणीचा हंगाम आला की मी डबा घेऊन त्या वॉर्डात जाते. खाटेवरच्या माणसाला विचारते. हो म्हणाला तर प्रार्थना करते. नको म्हणाला तर नुसती पेज भरवते.

त्याच्या मालकाला विचारत नाही. विचारणारही नाही.