डोळ्याखालचा भोवरा

कुणी पारखायला घोडी आणली की आमचे शेषरावकाका आधी खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्या तोंडावर टाकायचे. नवा माणूस चक्रावूनच जायचा. लोक घोड्याचे दात बघतात, डोळे बघतात, आणि हा गृहस्थ तोंडच झाकतो! काका म्हणायचे, "डोये पाह्यले का पारख संपली, बाप्पा. मंग माणूस लंगडी घोडीबी घरी आणते."

बाभुळगावात त्यांचं घर आमच्या घराला लागून, मधे कमरेएवढी भिंत. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं अख्खं अंगण दिसायचं, त्यामुळे हा तमाशा मी फुकट पाहिला आहे, भाजी करपेपर्यंत पाहिला आहे. वरातीची घोडी ठेवणं हा काकांचा धंदा. पण आसपासच्या गावांतले लोकही घोडी घेण्याआधी ती काकांच्या नजरेखालून घालत.

पद्धत ठरलेली. समोर उभं राहून पुढचे पाय बघायचे, गुडघे आत वळलेत का, खूर बाहेर फाकलेत का. मग बाजूने पाठ आणि खांद्याचा उतार. मग मागून. मग वाकून चारही पायांवरून हात खाली न्यायचा, गाठ लागते का, कुठे हाताला गरम लागतं का. हे सगळं झालं की दुपट्टा काढायचा आणि लगेच आपण पाठ फिरवायची. कुणीतरी घोडी डांबरी रस्त्यावर चालवायची आणि काका नुसत्या टापा ऐकायचे. "चार टापा चार भावांसारख्या बोलल्या पाह्यजे. एक जरी कुरकुरला तं समजा, घरात भांडन आहे."

आणि सांगताना आधी खोड, मग गुण. त्यापायी घोडी विकायला आलेले कितीतरी लोक शिव्या देत परत गेले. काकांना त्याचं काही नसे. "गुन तं इकनारा सांगतेच. खोड सांगाले दुसरा माणूस लागते."

भोवऱ्यांवर मात्र त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. घोड्याच्या अंगावर केस गोल फिरलेले असतात तो भोवरा. कोणता लाभतो, कोणता घर बुडवतो, याचं आमच्याकडे मोठं शास्त्र आहे. काका हसायचे. "भोवऱ्यानं घोडी चालते का? पायानं चालते." त्यांच्या स्वतःच्या घोडीच्या, मोगरीच्या, डाव्या डोळ्याखालीच भोवरा होता, आणि असा भोवरा मालकाला रडवतो म्हणतात. म्हणून ते पांढरंशुभ्र पिल्लू कुणी घेत नव्हतं. काकांनी पाय पाहिले आणि घरी आणलं.

"माह्या बापाच्या वरातीले घोडी भेटली नव्हती," एकदा ते सहज बोलून गेले. "गावानं बसूच देल्लं नसतं. म्हणून मी घोडीच ठेवली." पुढे वरात कुणाचीही असो, मोगरी कधी नाही म्हणाली नाही. काकू वारल्यावर तर घरात बोलायला तीच उरली. सकाळी भिजवलेले हरभरे चारताना दोघांच्या गप्पा सुरू व्हायच्या. मी भिंतीवरून विचारायचे, "काय म्हणते हो मोगरी?"

"तुह्या पोया करपल्या म्हणते."

माझ्या मुलीला स्थळ आलं तेव्हा मी काकांना मुद्दाम बोलावलं. आले ते दारातच थांबले. आत नवरा मुलगा पावडर लावून बसलेला, आणि हे उंबऱ्याजवळ वाकून त्याच्या चपला उलट्या करून बघताहेत! माझा तर जीव शरमेनं अर्धा झाला. पाहुणे गेल्यावर म्हणाले, "टाचा सारख्या झिजल्या आहेत, सुमन. पोट्टा सरळ चालते. देऊन टाक. तोंडाचं काय, पाहू पाहू सवय होते." जावई हे वाक्य अजून मला ऐकवतो.

मग अंगणात पाय घसरून काकांच्या खुब्याचं हाड मोडलं. जुळलं कसंबसं, पण काठी सुटली नाही. त्यांची मुलगी पांढरकवड्याहून न्यायला आली. तिच्या दोन खोल्यांच्या घरात सायकल ठेवायला जागा नाही, घोडी कुठून ठेवणार? काका म्हणाले, "मोगरीचं ठिकान लागल्याबिगर मी हालत नाही." म्हणजे मोगरी विकली गेली नाही तर काकाही राहणार. मला दोघंही हवे होते. खोटं कशाला बोलू, गिऱ्हाईक येऊच नये असं मी मनातल्या मनात म्हणत होते.

आलं. उमरखेडचा एक तरुण, बोलायला मऊ. मोगरीच्या गळ्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुमीच पारखून सांगा. तुमच्या शब्दावर नेतो."

मी चहा घेऊन गेले होते, ती तिथेच उभी राहिले. काकांनी काठी भिंतीला टेकवली आणि मोगरीच्या तोंडावर दुपट्टा टाकला. तिनं तशीच, न बघता, मान पुढे केली आणि त्यांच्या खांद्यावर ठेवली.

"खोड आयक," ते म्हणाले. "मागचा उजवा खूर लवकर वाढते. ध्यान नाही देल्लं तं ठेच खाते. अन् आनखी एक." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दुपट्टा बाजूला केला. "डाव्या डोयाखाली भोवरा आहे. पाहून घे."

पोरगा दोन पावलं मागे सरकला. "काका, हा तं मालकाले रडवते म्हणतात."

मोडला सौदा! मला तर मनातून आनंदच झाला. आता काका नेहमीसारखे हसतील आणि भोवऱ्यांची टिंगल करतील असं मला वाटलं. पण ते पहिल्यांदाच पारखीच्या वेळी मोगरीच्या तोंडाकडे बघत उभे होते, आणि त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

"खरं म्हणतात, लेका," ते म्हणाले. "हे पाह्य, रडवलं ना तिनं मले. झालं तिचं काम. आता तुले नाही रडवनार."

मोगरीला रस्त्यावरच्या टेम्पोकडे नेलं तेव्हा काका पाठ फिरवून उभे राहिले. टापा थांबल्या. "चारी बोलल्या," एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात तेही गेले पांढरकवड्याला. भिंतीपलीकडे बघायची सवय मात्र माझी अजून गेलेली नाही.

आता काका नाहीत. ते वारले त्याच्या आधीच्या लग्नसराईत मी उमरखेडला एका लग्नाला गेले होते. वरात आली, आणि नवरदेवाखाली मोगरी! मी अक्षता हातात तशाच धरून काकांना फोन लावला. "काका, मोगरी दिसली! खूर छान राखलाय. पाय अगदी सरळ. टापा पण—"

"पायाचं माईत आहे व मले," काका म्हणाले. "तोंड कसं दिसते तिचं, थे सांग."

मी सांगितलं. कान टवकारलेत, कपाळावर मोत्यांची झालर बांधली आहे, पापण्या तशाच लांब, डाव्या डोळ्याखाली भोवरा तसाच.

"अजून सांग," काका म्हणाले.