नकाशाच्या तिकिटांची पाठ

पोस्टाची तिकिटं सगळे पुढून पाहतात, मी आधी पालथी करते. हे मला कोणी शिकवलं नाही, पाहता पाहता आलं. नया पैशाची जुनी तिकिटं असतात ना, भारताचा नकाशा असलेली, ती पुढून सारखीच. पण काळ्या फरशीवर पालथी घालून पेट्रोलचा एक थेंब सोडला की कागदातली खूण उमटते. कशात चांदण्या, कशात अशोकस्तंभ. म्हणजे कागद वेगळा, छपाईही वेगळ्या वेळची.

माझ्याकडच्या अशा एका तिकिटावर खालच्या चौकटीची रेघ जराशी तुटली होती. एकावरच तुटली असली तर कचरा बसला म्हणायचं. दुसऱ्यावरही नेमकी तिथंच तुटलेली निघाली तर ठशातच खोट. ते दुसरं शोधण्यात किती वर्षं गेली, बाई! यंदा सापडलं, शेजारणीच्या सासऱ्याच्या जुन्या पाकिटावर. पाण्यात सोडवलं, वहीत वाळत ठेवलं. आता दोघांची पाठ शेजारी ठेवून तेवढी ताडून पाहायची होती. कागद बदलला तरी तो खोट असलेला ठसा तसाच चालू राहिला का, एवढंच मला हवं होतं.

मधे दोन दिवस साकोलीला लेकीकडे गेले.

आमच्या घरी एकदा उधईनं शेताचे कागद खाल्ले, तेव्हापासून कागद दिसला की त्याला प्लास्टिक चढतं. जातीचा दाखला, आधार, माझ्या चष्म्याच्या नंबराची चिठ्ठीसुद्धा. मी परत आले तर लेकानं हातात कार्ड ठेवलं. दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी, पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवून, वरून लॅमिनेशन.

"आई, आता शंभर वर्षं काही होत नाही याले."

मी कार्ड उलटं केलं. नुसता पुठ्ठा.

"काऊन, आवडलं नाही का?"

"आवडलं रे. निघते का हे?"

"कायले काढतं? पक्कं करून आणलं ना!"

हायवेवरच्या लॅमिनेशनच्या दुकानात मी एकटीच जाऊन आले. दुकानवाला म्हणाला, "मावशी, फाटल, पण निघणार नाही."

रागवू तरी कोणावर? चाळिशीतला लेक, माझ्या या नादाला आजवर हसत आलेला. पहिल्यांदाच त्याला यातलं काही जपावंसं वाटलं होतं.

आता पाहुणा आला की लेकच कार्ड काढून तुटलेली रेघ दाखवतो, आणि बरोबर दाखवतो. परवा एकानं विचारलं, "आन मांगं काय हाय?"

"मांगं मंग मार्करनं आपला फोन नंबर लिवला. हरपलं तर कोणी आणून देईल."

"हुशार हाय हो पोरगा तुमचा," पाहुणा मला म्हणाला.

मी चहा ठेवायला उठले.