रोशनीचा हेडफोन

ब्रह्मपुरीत आमच्या विहारामागे एक अभ्यासिका आहे, ती संघप्रिया चालवते. नागपुरातली बरी नोकरी सोडून ही पोरगी परत आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला होता. आता तिच्या नावाने मिरवतो, माणसाची जातच तशी. एका कॉलेजाने मोडीत काढलेले संगणक तिने मागून आणले, त्यांत लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली घातली आणि ती म्हातारी यंत्रं पुन्हा चालू लागली.

तिथे रोशनी येते. तिला जन्मापासून दिसत नाही. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते आणि पडद्यावरचं सगळं संगणक तिला हेडफोनमधून वाचून दाखवतो. तिचा हट्ट एकच, कुणालाही न बोलावता अभ्यासाला बसायचं. घरी पाण्याचा पेलाही कोणी ना कोणी हातात आणून देतं, त्याचा तिला भारी राग. मला तिचा तो राग फार आवडतो.

आडवे आले ते वामनराव, विहाराची देखरेख करणारे. आमच्याकडे ढग गडगडले की घरोघरी पहिलं काम म्हणजे वायरी उपसणं, कारण विजेने जळालेला टीव्ही प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेला असतो. वामनराव तर आभाळ नुसतं खाकरलं तरी भिंतीतल्या पिनांपासून संगणकाच्या मागच्या-पुढच्या सगळ्या वायरी काढतात. पाऊस ओसरला की मग दिसेल त्या भोकात खोचतात, एकाचं दुसऱ्यालाही.

संघप्रियाने मात्र संगणकाने कधी बोलायचं हा नियम भोकावर बांधला होता. एका ठरावीक संगणकाच्या डावीकडच्या भोकात जे लागेल, तो रोशनीचा हेडफोन असं संगणक धरून चालायचा. भोक बदललं की संगणक मुका. मग रोशनी चाचपून चाचपून थकायची आणि शेवटी 'ताई' म्हणून हाक मारायची. एकदा तिने हाक मारलीच नाही. बराच वेळ त्या मुक्या यंत्रापुढे बसली, काठी उचलून घरी गेली आणि यायचीच थांबली.

संघप्रियाचा पारा चढला. त्या भोकाला तिने लाल पट्टी चिकटवली, पण वामनरावांच्या मोतीबिंदूच्या डोळ्याला लाल काय नि निळं काय. मग ती वामनरावांशी भांडायलाच गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, वीज का तुही पट्टी पाहून पडन? मी तं वायरी काढीनच."

म्हातारा खरं बोलत होता, ती उलट पावली परत आली. पाहुणा पुढच्या दाराने आला काय नि मागच्या दाराने आला काय, आपण त्याला तोंडावरून ओळखतो. तसंच यूएसबीच्या हेडफोनच्या पोटातही त्याची स्वतःची ओळख असते आणि जोडल्याबरोबर तो ती संगणकाला सांगतो. संघप्रियाने जुना नियम काढून नवा लिहिला. हा हेडफोन जोडला गेला की भोक कोणतंही असो, संगणकाने कोणालाही न विचारता आपोआप बोलायला लागायचं. तो नियम तिने झाडून सगळ्या संगणकांत घातला आणि रोशनीच्या घरी जाऊन सांगून आली. पाहू, एवढंच रोशनी म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी आभाळ कडाडलं. संघप्रिया आरमोरीला गेली होती आणि परतताना तिची काळीपिवळी जीप रस्त्यातच बंद पडली. इकडे वामनरावांनी सगळं उपसलं आणि उघाड पडल्यावर मनाला येईल तसं खोचलं. रोशनी त्याच दिवशी आली. मी अभ्यासिकेच्या पायरीवर बसलो होतो, तिला 'मदत करू का' विचारायची माझी काही छाती झाली नाही.

संघप्रिया आली ती धापा टाकत, चिखलाच्या चपलांनिशी थेट आत. रोशनी हेडफोन जिथे हाताला लागला त्या भलत्याच संगणकापुढे बसली होती. संघप्रियाने तिच्या खांद्याला हात लावला तशी तिने एका कानावरचा हेडफोन जरासा सरकवला.

"ताई, थांब ना जराशी. धडा चालू हाय."

संघप्रिया बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. काय झालं, मी विचारलं.

"काईच नाई, भाऊ," ती म्हणाली. "तिले माही गरजच नाई पडली."