धरणाकाठचा रस्ता आणि मामांची पत्रिका

लग्न ठरलं की मुली आधी पार्लर बुक करतात. मी स्कूटरचं सर्व्हिसिंग करून घेतलं. आईच्या माहेरची सगळी माणसं चाकणच्या पश्चिमेला, भामा आसखेड धरणाच्या काठाकाठानं पसरलेली आहेत आणि त्यांना फोनवर पाठवलेली पत्रिका चालत नाही. घरी जाऊन, कुंकू लावून, अक्षता हातात देऊनच आमंत्रण करायचं. आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी. तेव्हा एका गुरुवारी सकाळी आम्ही काळेवाडीतून निघालो. मी पुढे, आई मागे आणि मध्ये पत्रिकांची जाडजूड पिशवी.

भोसरी, मोशी ओलांडून चाकणपर्यंतचा महामार्ग म्हणजे प्रवास नव्हे, शिक्षा आहे. तुम्ही जाणार असाल तर चाकणमध्ये दोन कामं उरकून घ्या. टाकी फुल करा, कारण पुढे पंपाचा भरवसा नाही, आणि पोटात काहीतरी ढकला. आम्ही मिसळ खाल्ली. नव्वद रुपयांत तर्री हवी तितकी. माझ्या डोळ्यांतून पाणी आल्यावर मालक म्हणाला, "ताई, ताक घ्या, कंपनीकडून फ्री."

मिसळ खाताना आई म्हणाली, "आधी दादाकडं जाऊ."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, माझे सख्खे मामा. त्यांचं गाव धरणाच्या पार टोकाला. आमच्यात पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला, मग उरलेल्या जगाला. लग्नात मुलीच्या पाठीशी उभा राहतो तो मामा, म्हणून हा मान. मला हे चांगलं ठाऊक होतं. पण मी चाकणच्या एका कंपनीत मालाच्या गाड्यांचे रूट आखते, आणि सवय कुठे जाते!

"मावशीच्या दारावरून पुढे जायचं आणि पत्रिका द्यायला परत मागे यायचं? जवळचं आधी, लांबचं शेवटी. मामांना काय कळणार आहे?"

"तू सायेब," आई म्हणाली. "चल."

आंबेठाण मागे पडलं, कंपन्यांच्या भिंती संपल्या आणि रस्ता एकदम माणसात आला. करंजविहिरेच्या पुढे एका वळणावर धरण दिसलं आणि मी ब्रेकच लावला. पाणी काठोकाठ, पलीकडे डोंगर, अलीकडे भात झोडणारी माणसं. रस्ता अरुंद आहे, गतिरोधक गावागणिक आणि बिनरंगाचे, पण डाव्या-उजव्या हाताला पाणी सतत डोकावत राहतं. एक वाडी संपली की झाडी, झाडी संपली की पाणी, पाण्याला लागून पुढची वाडी. रोज दिवसभर स्क्रीनवर रस्ते बघणाऱ्या मला रस्ता असाही असतो याचा इतका आनंद झाला की मी मोठ्यानं गायलाच लागले. आईनं पाठीत चापट मारली.

मावशीकडे तांदळाची भाकरी आणि पिठलं झालं. पुढच्या वाडीत नामदेवमामांकडे, म्हणजे आईच्या चुलत भावाकडे, गुळाचा चहा झाला. दोन्हीकडे पत्रिका दिल्या. माझा रूट अगदी वेळेवर चालला होता.

शेवटच्या गावात सख्खे मामा ओट्यावरच बसले होते. पाणी विचारलं, चहा दिला. आईनं पत्रिका पुढे केली. त्यांचा हात काही पुढे आला नाही.

"सुमन, आक्काला दिलीस. नामदेवलाबी दिलीस. मग मी कितवा?"

फोन आमच्या स्कूटरच्या आधी पोचला होता.

"मामा, चूक माझी आहे," मी म्हणाले. "त्यांची घरं वाटेत आधी लागली म्हणून..."

"वाटंत पयलं कोण लागतंय ते बघून मान देत्यात व्हय? मग लग्नातबी जवळचाच कुनीतरी पाठीमागं हुबा करा. मला न्हाई जमायचं."

मामांशिवाय मांडवात येण्याची कल्पनाच मला करवेना. आईनं पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात आतून मामींचा आवाज आला, "आवो, घ्या की! सकाळधरनं फेटा काढून ठेवलाय वाट बघत."

मामा ओशाळले. मी ती संधी सोडली नाही. "सगळ्यांच्या पत्रिका परत आणते मामा. पहिली तुम्हाला देते आणि पुन्हा पहिल्यापासून वाटते."

"येडी का काय? दिलेली पत्रिका परत घेत न्हाईत." ते उठले, आत जाऊन फेटा बांधून आले, पत्रिका घेतली, कपाळाला लावली. "दुसऱ्या काढ. आता मी वाटनार."

मग निघाली आमची वरात. पुढे मामांची मोटरसायकल, मागे बसून आई अखंड बोलतेय, आणि त्यांच्या मागे मी एकटी. ऊन कललं होतं, तोच रस्ता आता सोन्यासारखा दिसत होता. मला वाटतं, हा रस्ता दोन्ही बाजूंनी बघावा. जाताना पाण्यापलीकडचे डोंगर दिसतात, येताना पाण्यावरचं ऊन.

"आरं, सकाळीच दिली की!" नामदेवमामा म्हणाले.

"ती रस्त्याची. ही मामाची," असं म्हणून मामांनी त्यांच्या हातात अक्षता ठेवल्या. पुन्हा चहा. मावशीकडे पुन्हा भाकरी, आणि नको म्हणायची कुणाची हिंमत!

करंजविहिरेला ते मागे फिरतील असं मला वाटलं होतं. फिरले नाहीत. चाकण गेलं, मोशी गेली, भोसरीच्या गर्दीत फेटा पुढेच. थेट आमच्या काळेवाडीच्या दारात गाडी थांबली.

बाबा टीव्ही बघत होते. मामांनी चपला काढल्या, फेटा सारखा केला आणि पत्रिका पुढे धरली.

"दाजी, आमच्या पोरीचं लग्न हाय. सहकुटुंब यायचं."

बाबांनी टीव्ही बंद केला. उभे राहिले, दोन्ही हातांनी पत्रिका घेतली. "येऊ की. नक्की येऊ."

दोघांपैकी कुणीही हसलं नाही. आईनं कुंकवाचा करंडा पुढे केला आणि मी, दिवसभर गाणी म्हणणारी मी, दाराला टेकून ढसाढसा रडायला लागले.

मामांनी मागं वळून पाहिलं. "आत्ताच कशापायी रडतीस? मी हाय की पाठीमागं."