गेट उघडणारा विद्यार्थी

पहिल्याच दिवशी विद्यापीठाचं गेट मी उघडलं. कोणी सांगितलं नव्हतं. वॉचमन पाणी प्यायला गेला होता, मागून गाडीचा हॉर्न वाजला, आणि माझे पाय आपोआप धावले. गेट सताड उघडलं. वर कडक सॅल्यूटही ठोकला. गाडीची काच खाली झाली.

"नवीन वॉचमन का रे? दाढी बरी केलीयस."

"येस सर!"

येस सर म्हणे! अरे गाढवा, बीबीएचा विद्यार्थी आहेस तू. पण फौजेत सतरा वर्षं काढलेल्या माणसाची जीभ डोक्याला विचारत नाही.

तासाला तेच गृहस्थ वर्गात आले. आमचे विभागप्रमुख. सगळा वर्ग बसलेला, मी एकटा उभा. छाती पुढे, टाचा जोडलेल्या.

"अरे, हा तर गेटवाला!"

वर्ग हसला. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने.

सर पेणच्या जुन्या खोताच्या घरातले. मी हमरापूरचा म्हटल्यावर म्हणाले, "म्हणजे आमच्याच कुळांपैकी." माझी फी फौजेच्या योजनेतून भरली जाते हे कळल्यावर म्हणाले, "मजा आहे बुवा. फुकटचं शिक्षण."

माझ्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फाने खाल्लीत. त्या फुकटात तीही आली. पण तेव्हा हे सुचलं नाही. सुचलं संध्याकाळी, पेणच्या गाडीत. समोरचं बाकडं रिकामं होतं, त्याला ऐकवलं.

वर्गातली पोरं मला काका म्हणायची आणि चहाला माझ्याशिवाय जायची. म्हणून डबा मी गेटवर वॉचमनबरोबर खायला लागलो. तो रोह्याचा. आठवडाभर त्याने मला साहेब म्हटलं. मग माझ्या हातात शिट्टी देऊन तो जेवायला खोलीवर जायला लागला.

कार्यक्रम असला की सर म्हणायचे, "मेडलं लावून ये. गेटवर शोभा दिसते." मी जायचो. गाड्या अशा रांगेत लावायचो की दोरी धरून बघा. वर खूशही व्हायचो. घरी आईला सांगायचो, सरलोक लई मान देतात.

आई गावातल्याच गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. एके दिवशी रंग आणायला पेणला जाऊन आली. संध्याकाळी मूर्तीचा पीतांबर रंगवता रंगवता म्हणाली, "स्टँडवर तुजा फोटू लागलाय रं. मोठ्ठा."

माझा ऊर भरून आला. "कसा आलाय?"

"गेटवर हायस. हातात शिट्टी हाय." ब्रश थांबला. "वॉचमनीचा पन तीन वर्साचा कोर्स असतो व्हय?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर उतरून पाहिलं. विद्यापीठाचा फ्लेक्स. लॅपटॉप घेतलेली पोरं एका बाजूला, 'आमचे विद्यार्थी'. मी दुसऱ्या बाजूला, एकटा, 'सुरक्षित परिसर'.

त्याच आठवड्यात माझं प्रेझेंटेशन होतं. आमच्या गावच्या मूर्ती दलालाशिवाय कशा विकाव्यात, हा विषय. ऐकायला दुसरं कोण? कारखान्यातल्या बिनरंगाच्या गणपतींसमोर रोज बोलून पाहिलं होतं. आदल्या दिवशी सरांनी बोलावलं.

"उद्या पाहुणे येतायत. तू गेटवर. प्रेझेंटेशनचं टेन्शन घेऊ नको, पासापुरते मार्क लावून टाकतो. तसंही तुला कोण ऐकणार आहे?"

माझे हात मांड्यांना चिकटलेले. 'येस' अर्धा बाहेर आला होता. तो गिळला.

"नाय सर. मी बोलणार."

"ही ऑर्डर समज."

"ऑर्डरीची नोकरी संपली सर. इथं मी विद्यार्थी हाय."

दुसऱ्या दिवशी सगळे खाली पाहुण्यांच्या मागे. वर एक बाहेरचे परीक्षक, बाकी खुर्च्या. मी सगळं बोललो. आवाज परेडचा निघाला. परीक्षक दोनदा म्हणाले, "हळू बोला, मी इथेच आहे." मार्क पडले पासापुरतेच. म्हणजे सर जेवढे फुकट देणार होते तेवढेच. पण हे माझे.

त्यानंतर सर माझं नाव घेत नाहीत. वॉचमनने शिट्टी परत घेतली. डबा मी जिन्यात बसून एकटा खातो.

परवा गेटवर कोणी नव्हतं. मागून तोच हॉर्न. पाय वळवळले. मी हात खिशात घातले, मुठी आवळल्या. पुन्हा हॉर्न. पुन्हा. शेवटी सर उतरले आणि स्वतः गेट उघडलं. मी त्यांच्याआधी आत शिरलो आणि वर्गात जाऊन पहिल्या बाकावर बसलो.

थोड्या वेळाने ते वर्गात आले. सगळा वर्ग बसलेला होता. मीही बसून राहिलो.

पदवी हातात पडेपर्यंत असाच बसणार आहे.